पुठ्ठ्याचं स्ट्रेचर

पर्समध्ये कंगवा नसला तरी टेपताईंचं अडत नसे. मोजायची टेप नसली तर मात्र त्या अर्ध्या वाटेवरून घरी परत येत. स्टीलची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. कुणाकडे चहाला गेल्या तरी कप हातात यायच्या आधी त्यांची नजर दारावर जायची, मग खिडकीच्या गजांवर. ‘हे गज उघडतात का हो?’ या प्रश्नाने नव्या ओळखीची माणसं जरा सावरून बसत. जुन्या ओळखीची म्हणत, ‘टेपताई, आधी चहा घ्या. जळायचं तेव्हा जळू.’

नाव ठेवलं होतं त्यांच्या भावजयीने. अर्धं कौतुकाने, अर्धं वैतागून. मग तेच रूढ झालं.

त्या आर्किटेक्ट. मोठमोठ्या इमारती काही त्यांच्या हातून झाल्या नाहीत. लोकांची स्वयंपाकघरं, दातांच्या डॉक्टरांची दोन-दोन खोल्यांची क्लिनिकं, एक पाळणाघर, एका शाळेची स्वच्छतागृहं. मुलं लहान होती तेव्हा ड्रॉइंगचा बोर्ड कपाटामागे उभा असायचा आणि पावसाळ्यात त्यावर दुपटी वाळत. मुलं मोठी झाल्यावर बोर्ड पुन्हा आडवा झाला. कामं येत गेली. सांगितलेलं काम त्या वेळेत आणि नेटकं करून देत. एक सोडून तीन दारं लावायला सांगतात, एवढीच लोकांची तक्रार.

ही खोड लहानपणापासूनची. वडिलांचं हॉस्पिटल होतं, घराला लागूनच. आधी नुसता दवाखाना, मग मागे काही खोल्या, पेशंट वाढले तसा वर एक मजला, मग आणखी एक. अशा इमारतीला आराखडा नसतो, सवयी असतात. शाळा सुटली की मुलगी तिथल्या बाकावर बसून वडिलांची वाट पाहायची. एकदा तिने विचारलं, “बाबा, सगळ्यांना एकदम बाहेर पळायची वेळ आली तर?”

वडील हात धूत होते. म्हणाले, “अगं, पळता येत नाही म्हणूनच तर ते इथे आलेत.”

त्यांनी ते हसत हसत सांगितलं. मुलीला काही हसू आलं नाही.

वडील गेले, हॉस्पिटल धाकट्या भावाकडे आलं. गावाला तो ‘डॉक्टर’, घरात अजूनही ‘धाकट्या’. बरीच वर्षं त्याने आहे तसंच चालवलं. मग एके दिवशी ताईकडे येऊन सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “सगळं नवीन करायचंय. दुसऱ्या मजल्यावर आयसीयू, नवं ऑपरेशन थिएटर, खाली जरा बरी दिसेल अशी लॉबी. बाहेरचा माणूस कशाला? घरचीच आहेस तू.”

“घरची आहे म्हणून गप्प बसणार नाही हं,” ताई म्हणाल्या.

“ते कुठे नवीन आहे?”

आणि खरंच त्या गप्प बसल्या नाहीत. जनरेटर तळघरात होता. “पाणी तुंबलं की आधी कुठे जाईल?” त्यांनी विचारलं. तळघरात आजवर पाणी शिरलं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं. “शिरायच्या आधी ते तुला निरोप पाठवणार आहे का?” जनरेटर मागच्या अंगणात उंच चौथऱ्यावर आला. वॉर्डांची दारं आत उघडायची, ती बाहेर उघडू लागली. मागच्या दाराला कायम कुलूप असे, कारण नातेवाईक भेटीच्या वेळा सोडून तिथून शिरत. किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला. मेट्रनबाई सुटीवर गेल्या की किल्लीही सुटीवर. तिथे आतून ढकललं की उघडणारं आणि उघडलं की घंटा वाजवणारं दार बसलं. आयसीयूच्या मधोमध धूर अडवणारं जाड दार आलं. वरच्या पेशंटना आधी खाली न्यायचं नाही, आधी त्या दारापलीकडे बाजूला न्यायचं आणि मग सवडीने खाली, हे ताईंनी सिस्टरांना इतक्यांदा सांगितलं की एक सिस्टर म्हणे झोपेत म्हणाली, ‘आधी बाजूला, मग खाली.’

डॉक्टरांनी हे सगळं कुरकुरत का होईना, मान्य केलं. भांडण झालं ते मागच्या जिन्यावरून.

मागचा जिना होता अरुंद, झाडूवाल्या मावशींच्या येण्याजाण्याचा. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. पुढचा जिना लिफ्टच्याच भोवती फिरणारा, म्हणजे धुराचं धुराडंच. वरचा झोपलेला पेशंट उतरवायचा तर तो मागूनच. जिना रुंद करायचा म्हणजे पहिल्या मजल्यावर शेजारच्या खोलीत भिंत सरकवायची. आणि ती शेजारची खोली म्हणजे डॉक्टरांची केबिन. अंधाऱ्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसून पेशंट तपासल्यावर त्यांनी स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं: मोठं टेबल, समोर खिडकी, खिडकीत झाड.

“नाकापेक्षा मोती जड,” डॉक्टर म्हणाले. “हॉस्पिटल जिन्यासाठी आहे की जिना हॉस्पिटलसाठी?”

ताईंनी वाद घातला नाही. पर्समधून पत्र्याची डबी काढली. त्यांची कामाची रीतच ती. जिथे जे फिरणार असेल त्याचा पुठ्ठ्याचा तुकडा कापायचा, नकाशाच्याच मापाचा: खाट, चाकाची खुर्ची, ट्रॉली. आणि तो नकाशावर सरकवून पाहायचा. त्यांनी स्ट्रेचरचा तुकडा जुन्या जिन्यावर ठेवला, बोटाने सरकवला. वळणावर तो भिंतीत गेला. मग नव्या जिन्याच्या नकाशावर ठेवला. सरकवला, फिरवला. सुळकन वळला.

“बघ.”

डॉक्टरांनी स्वतःही सरकवून पाहिला. वळला. “ताई कधी चुकत नाही,” ते म्हणाले. घरात हे वाक्य शिवी म्हणून वापरायची पद्धत होती. केबिनची भिंत सरकली.

काम सुरू झालं. हॉस्पिटल चालू ठेवूनच करायचं, म्हणून एक बाजू तोडायची, दुसरीकडे पेशंट. मागचा जिना वर चढत गेला, वळणाचे स्लॅब ओतून झाले, खालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या. नव्या आयसीयूच्या उद्घाटनाची तारीख ठरली, पाहुण्यांना कळवूनही झालं.

आणि अशात ताईंच्या घरी एक कपाट आलं.

लेकीने घर बदललं, तिचं लाकडी कपाट आईकडे पाठवलं. ताईंनी अर्थातच आधी जिन्याला टेप लावली होती, कपाटालाही. बसत होतं. चार माणसं कपाट आडवं धरून वर चढू लागली. त्यांतल्या वयस्कर माणसाला बाकीचे मामा म्हणत होते. तो पुढे, उलट्या पावलांनी चढणारा. ताईंचे यजमान वरून कठड्यावर वाकून सूचना देत होते, ज्या कुणी ऐकत नव्हतं.

“मामा, मागे भिंत आहे!”

“मला काय पाठीला डोळे आहेत?”

“जरा डावीकडे घ्या. अहो, माझं डावं!”

“थांब, थांब, कोपर अडकलं माझं. अरे, ढकलू नको!”

“असं नाही वळायचं. उभं घ्या. उभं घ्या हो.”

कपाट उभं झालं, वळणावर गोल फिरलं, पुन्हा आडवं झालं आणि वर आलं.

“टेप लावली होतीस ना?” यजमान म्हणाले. “बसतंय म्हणाली होतीस.”

“कपाट बसत होतं,” ताई म्हणाल्या. “माणसं बसत नव्हती.”

सगळे हसले. मामाने सोललेलं कोपर दाखवलं, त्याला हळद लावली, चहा झाला. ताई मात्र वळणावरच उभ्या राहिल्या होत्या. कपाट उभं करता येतं. पेशंट कसा उभा करणार?

त्या आत गेल्या आणि डबी उघडली. पुठ्ठ्याचं स्ट्रेचर हातात घेतलं. इतकी वर्षं ते तुकडे सरकले, कारण त्यांचं बोट वरून, आभाळातून येत होतं. जिन्यात वरून कोण धरणार? धरणारी माणसं पुढे असतात आणि मागे असतात, त्यांना पाठी असतात, कोपरं असतात. त्यांनी कागदाची चार माणसं कापली, स्ट्रेचरच्या टोकांना चिकटवली आणि सगळं मिळून नव्या जिन्याच्या वळणावर ठेवलं. दोन माणसं भिंतीत शिरली.

पुढचे काही दिवस त्या घरात कमी बोलल्या. नियमात जिना बसत होता. नकाशे मंजूर झालेले, स्लॅब ओतलेला. कागदावर त्या बिनचूक होत्या, आणि कुणी विचारणारही नव्हतं. सांगायचं तर आणखी एक वीतभर भिंत मागायची, ओतलेला स्लॅब फोडायचा, उद्घाटन पुढे ढकलायचं. तेही त्याच भावाकडे, ज्याची केबिन ‘बघ’ म्हणून कापली होती. न सांगायचं तर जे चाललंय ते चालू द्यायचं.

“नियमात बसतंय ना?” यजमानांनी विचारलं.

“बसतंय.”

“मग?”

“वर जाऊन पडून राहणाऱ्यांना नियमाने खाली आणता येत नाही.”

यजमान म्हणाले, “मग मला विचारतेस कशाला? चपला घाल.”

डॉक्टर नव्या केबिनमध्ये उभे होते. रंग ओला होता. ताईंनी आडवळण न घेता सांगून टाकलं. कपाट, कोपर, कागदाची माणसं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तू चुकलीस.”

“हो.”

“पुन्हा म्हण.”

“चुकले.”

“थांब, हिला बोलावतो. साक्षीदार पाहिजे याला.” खरंच त्यांनी बायकोला हाक मारली. “अगं, लवकर ये, ताई चुकलीय!”

भावजय धावत आली, कारण तिला वाटलं ताई घसरल्या. मग वीतभर भिंतीचा विषय निघाला आणि डॉक्टरांचं हसू मावळलं.

“एकदा कापलीस केबिन. आता उरलेलीत टेबल ठेवू की मी बसू? पुठ्ठे दाखवून पटवलंस, आता म्हणतेस पुठ्ठे खोटे. उद्या म्हणशील कागदाची माणसंही खोटी, मग?”

“तेव्हाही येऊन सांगेन.”

“बाबांच्या काळापासून एकदा तरी असं झालंय का? एकदा?”

“नाही झालं.”

“मग?”

“बाबांचे वरच्या मजल्यावरचे पेशंट चालते होते रे. डबा नाही आला तर खाली येऊन भांडायचे. न चालणारे वर तू ठेवतोयस.”

डॉक्टरांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “कागदावर नको. मला खरं दाखव. वळलं, तर भिंत जिथे आहे तिथेच राहील आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस. जिन्याचाच नाही, कसलाच.”

म्हणजे एवढं होतं पणाला. ताईंनी होकार दिला.

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत ताईंनी खडूने जिन्याचं वळण आखलं, नवीन जिन्याच्या नेमक्या मापाचं. कंत्राटदाराने स्लॅबसाठी आणलेल्या प्लायच्या फळ्या आडव्या उभ्या करून भिंती केल्या. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. भिंत सरकली तर स्लॅब त्यालाच फोडायचा होता. वॉर्डबॉय हात मागे बांधून उभे. पेशंट कोण होणार, यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

“मी झोपते,” खुर्चीतून आवाज आला. आई. ऐंशीच्या पुढची, वजनाने भक्कम, गंमत बघायला म्हणून उतरलेली.

“आई, अगं पडशील!”

“हॉस्पिटलच्या दारात पडले तर बिघडलं कुठे? आणि एरवी मला कोण उचलतंय? एकदाच उचलणार, आणि ते मला बघायला मिळणार नाही.”

आई स्ट्रेचरवर आडवी झाली, पदर नीट केला, डोळे मिटले आणि एक उघडला. दोघे पुढे, दोघे मागे. शेजारी सिस्टर, सलाइनची बाटली वर धरून. एक जण ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन. ही दोघं ताईंच्या कागदावर नव्हतीच.

“चला,” डॉक्टर म्हणाले.

सरळ भागात सगळं ठीक होतं. वळणावर पुढचे दोघे उलटे चालत फळीला टेकले. मागचे आले तसे ते दाबले गेले.

“अरे, माझे पाय भिंतीला लागतायत,” आई म्हणाली.

“आजी, हलू नका.”

“मी कुठे हलतेय? तुम्ही मला हलवताय.”

“वर घ्या, पायाकडून वर!”

“आभाळ तिरकं दिसायला लागलंय. हे बरं लक्षण आहे का?”

सिस्टरच्या हातातली नळी ताणली गेली. नळकांड्यावाल्याला जागाच नव्हती, तो मागे राहिला. “सरका, मी धरतो,” म्हणत डॉक्टरांनी डोक्याकडचा दांडा घेतला. एक पाऊल, आणि त्यांची बोटं फळीवर सोलून निघाली.

“आई गं!”

“काय रे?” स्ट्रेचरवरून उत्तर आलं.

वॉर्डबॉय हसायला लागले, हसण्यात फळी पडली, स्ट्रेचर खाली टेकवावं लागलं. पायऱ्या नव्हत्या, उतार नव्हता, उजेड होता. तरी ही गत.

“आणि धूर कुठून येणार आहे?” आईने विचारलं. “येत असेल तर मला जरा आधी सांगा.”

हसू थांबलं. डॉक्टर बोटांवर फुंकर घालत वळणाकडे पाहत होते. मग त्यांनी स्वतः फळी उचलली आणि वीतभर मागे नेली, ताई म्हणत होत्या तेवढी. “पुन्हा.”

या वेळी वळलं. घासत, पण वळलं. ताईंनी श्वास सोडला.

डॉक्टर मात्र मान हलवत होते. “नाही. श्वास द्यायची पिशवी दाबणारा कुठे आहे?”

“कोण?” ताईंनी विचारलं.

“मशीनवरचा पेशंट मशीनवरून काढला की कुणीतरी हाताने पिशवी दाबत चालायचं असतं, डोक्याशेजारी. थांबून चालत नाही. वळण आलं म्हणून श्वास थांबवू?” ते आईच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले, रिकामी मूठ दाबत. “उचला.”

अडलं. त्यांनी फळी आणखी मागे सरकवली. पुन्हा उचललं. पुन्हा अडलं. पुन्हा सरकवली. शेवटी मूठ दाबत दाबत ते वळणातून न थांबता पार झाले, तेव्हा फळी ताईंनी मागितलं होतं त्याच्या दुप्पट मागे गेली होती. डॉक्टर वाकले, ताईंच्या हातातला खडू घेतला आणि फळीच्या मुळाशी रेघ ओढली.

“एवढं,” ते म्हणाले.

“धाकट्या, केबिन राहणार नाही रे.”

“खिडकी राहते ना? मग झालं.”

“मी उठू का आता?” आईने विचारलं. “की अजून कुणी राहिलंय?”

स्लॅब फुटला. कंत्राटदार तीन दिवस कुणाशी बोलला नाही, चौथ्या दिवशी हिशेबापुरता बोलला. उद्घाटन पुढे गेलं. पाहुण्यांना पुन्हा कळवणं भावजयीच्या वाट्याला आलं, आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, ‘सासूबाई वळत नव्हत्या.’ मोठं टेबल केबिनमध्ये शिरलंच नाही. छोटं आलं, भिंतीला लावून. पेशंट आणि डॉक्टर इतके जवळ बसतात की गुडघ्याला गुडघा लागतो. कानात सांगायच्या गोष्टी आता पेशंट कानातच सांगतात, अशी डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली आहे.

आग लागली नाही. पाणीही शिरलं नाही. मागच्या जिन्यात भावजयीने एकदा औषधांचे खोके रचले, ताईंनी ते न बोलता उचलून तिच्या टेबलावर ठेवले. त्यानंतर नाही रचले. ताईंच्या डबीत आता प्रत्येक पुठ्ठ्याला माणसं चिकटवलेली आहेत, स्ट्रेचरला तर सात. डबीचं झाकण नीट लागत नाही.

मध्यंतरी त्या आईला रक्त तपासायला घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या. लिफ्ट बंद पडलेली, मिस्त्री आत डोकं घालून बसलेला. वरच्या एका पेशंटला तपासणीसाठी दुसरीकडे न्यायचं होतं. मागचं दार उघडं धरलेलं, घंटा वाजतेय, बाहेर गाडी उभी. ताई बाकावरून उठल्या आणि जिन्याच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या. हात आपोआप पर्समध्ये गेला.

वरून पावलं आली. मग आवाज. वॉर्डबॉय आदल्या दिवसाच्या मॅचबद्दल वाद घालत होते.

“तो आउट नव्हताच.”

“बॅट लागली होती, मी सांगतो तुला.”

“तू काय मैदानात होतास?”

वळणावर ते आले. पुढचे दोघे उलट्या पावलांनी, मागचे दोघे, शेजारी पिशवी दाबणारी सिस्टर, तिच्यामागे नळकांडं.

“मैदानात कशाला? टीव्हीवर चारदा दाखवलं.”

“चारदा दाखवलं म्हणून खरं होतं का?”

आणि ते खाली होते. वाद तसाच चालू ठेवत ते ताईंच्या जवळून गेले, गाडीत पेशंट चढवला. ताईंचा हात पर्समधून रिकामाच बाहेर आला.

त्या परत येऊन आईजवळ बसल्या.

“वळले?” आईने विचारलं.

“वळले.”

“कुठे टेकवलं का?”

“नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही वळण.”

आईने पदर सारखा केला. “मला तीनदा टेकवलं होतं,” ती म्हणाली.